घटापुढची दोन पाकिटं

"देवानं वाचवलं" असं कुणी म्हणालं की माझ्या कपाळाला आठी पडायची. अठरा वर्षं मी फौजेत फार्मासिस्ट आहे. माणूस औषधानं वाचतो, आणि ते वेळेवर घेतलं तरच वाचतो, एवढंच माझं शास्त्र. दिघीच्या क्वार्टरमध्ये बायको दरवर्षी घट बसवते, तेव्हा मी नारळ फोडून देतो आणि बाजूला होतो. देवीचं नाव माझ्या तोंडून फारसं कुणी ऐकलेलं नाही. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. पण लिहायला हवं, कारण त्या नवरात्रात चूक माझी होती आणि जीव दुसऱ्याचा जाणार होता.

ट्रेनिंगमध्ये आमचे एक उस्ताद होते. कुणी चुकीचं पाकीट दिलं की ते औषधांची लाकडी पेटी डोक्यावर देऊन मैदानाला चकरा मारायला लावायचे. मी त्या एकदाच मारल्या. त्यानंतर बर्फातली चौकी असो की जंगलातला तंबू, माझ्या हातून गोळी इकडची तिकडे झाली नाही, आणि त्याचा मला भारी गर्व. पुढे इकडच्या लष्करी दवाखान्यात बदली झाली. माजी सैनिकांच्या घरच्यांना औषधं देण्याची खिडकी माझ्याकडे आली, आणि औषधांबरोबर मी लोकांना बोलणीही फुकट वाटू लागलो.

त्या खिडकीवर दर महिन्याला चाकणजवळच्या एका गावातून एक मावशी यायच्या. नवरा फौजेत नायक होता, तो वारून बरीच वर्षं झालेली. मुलगा कंपनीत. मावशींना संधिवात. त्यांना दोन गोळ्या चालू होत्या, दोन्ही बारीक, दोन्ही पिवळ्या. एक फक्त गुरुवारी घ्यायची, दुसरी गुरुवार सोडून रोज. गुरुवारची गोळी फार कडक. तीच कुणी रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, अंगात रक्त तयार व्हायचं थांबतं आणि माणूस हातचा जातो. मावशींना वाचता येत नव्हतं. मी पाकिटांवर खुणा करून द्यायचो, त्यावर त्यांचा पूर्ण विश्वास.

आमचं भांडण एकच. नवरात्र आलं की मावशी नऊ दिवस गोळ्या बंद करायच्या आणि मग दसऱ्याला सांधे धरून बसायच्या. त्या वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी त्या आल्या, आणि मी पाकिटं भरता भरता तोंडाचा पट्टा सोडला. "मावशी, देवीनं गोळीशी वैर धरलंय का? या खेपेला शब्द द्या, त्याशिवाय पाकीट देणार नाही." रांगेतले लोक हसले. मावशी ओशाळल्या. म्हणाल्या, "बरं बाबा. सैनिकाची बायको हाय मी. दिला शब्द." लढाई जिंकल्यासारखा मी खूश झालो. त्या बोलण्याच्या भरात हातांनी काय केलं, ते मला सातव्या माळेला कळलं.

त्या सकाळी एक सुभेदार साहेब तीच गुरुवारची गोळी घ्यायला आले. डब्यात दोन पट्ट्या असायला हव्या होत्या, तर डबा रिकामा. शेजारचा, रोजच्या गोळीचा डबा मात्र नको तितका भरलेला. त्या आठवड्यात या गोळ्या मी एकाच माणसाला दिल्या होत्या. मावशींना. रोजच्या पाकिटात मी कडक गोळी भरली होती. आणि मावशींनी मला शब्द दिला होता! एरवी त्यांनी नऊ दिवस पाकिटाला हात लावला नसता. या वर्षी मीच त्यांना घ्यायला लावलं.

आमच्या मेजर मॅडम डॉक्टर. त्यांना जाऊन सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी त्यांना गाठा, बाकी नंतर." मावशींकडे फोन नव्हता. त्यांच्या मुलाचा लागेना, त्याच्या कंपनीत फोन गेटवरच जमा करून घेतात. मोटरसायकल काढली. मोशीपर्यंत कसाबसा आलो, आणि नदीचा पूल ओलांडल्यावर पुढे सगळे कंटेनरच कंटेनर. दोन्ही बाजूंनी अडकलो. तिथे हेल्मेटच्या आत मी पहिल्यांदा देवीआईला हाक मारली. आधी सौदा केला, की वर्दी घे, पण त्या बाईला सोड. मग वाटलं, माझ्या वर्दीचं तिला काय करायचंय? शेवटी काहीच मागता येईना. "तुझी आहे ती, तूच बघ," एवढंच म्हणालो आणि हँडलवर डोकं टेकलं.

मावशींच्या दवाखान्याच्या कार्डावरच्या पत्त्यावर पोचलो तर तिथे गोदाम उभं. जुनं घर केव्हाच गेलेलं. कोपऱ्यावर झेंडूचे ढीग घेऊन एक फुलवाली बसली होती, तिला विचारलं. "मिलिटरीवाली आजी व्हय? रोज माळ न्हेती माझ्याकडनं. आज मातुर आली न्हाई. मीच निघाले व्हते बघाया." आज आली नाही! "चला, घर दाखवा," मी म्हणालो. तिनं शेजारणीला दुकान सांभाळायला सांगितलं आणि हातात माळ धरून माझ्या मागे बसली. त्या बाईचं नाव मी विचारलंही नाही.

मावशी घटापुढे गोधडीवर पडल्या होत्या. ना नमस्कार ना चमत्कार, मी म्हणालो, "जीभ दाखवा." मोबाईलच्या उजेडात तोंड पाहिलं. स्वच्छ. ताप नाही, अंगावर डाग नाही. मावशी मात्र भेदरून माझ्याकडे बघत होत्या. "साहेब, एवढ्या लांबनं रागवायला आलात व्हय?" आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी हात जोडले. "शब्द मोडला ओ मी. पहिल्या माळेला गोळी हातात घेतली व्हती. तेवढ्यात दिवा फडफडला म्हणून तेल घालाया उठले. मग काय गोळी घ्यायचं मन व्हईना. दोनी पाकिटं आईम्होरं ठिवलीत. म्हणून सांधे धरल्यात. चुकले मी."

घटातलं धान बोटभर उगवलं होतं. त्याला टेकून माझ्या अक्षरातली दोन पाकिटं, वर सुकलेली फुलं. एकाची पिन निघालेली होती. गोळ्या मोजल्या, सगळ्या होत्या. मी जो खाली बसलो तो उठूच शकलो नाही. लहान पोरासारखा रडलो आणि रडत रडतच माझी चूक सांगितली. मावशी म्हणाल्या, "म्हंजी दोघंबी चुकलो." आणि पाठीवर हात ठेवून, "उठा आता. घरात घट बसलाय, रडू नगा."

मावशींचं रक्त तपासलं, ठीक निघालं. अहवाल मी माझ्या हातानं लिहिला. कडक ताकीद मिळाली, आणि तीन महिने खिडकी सोडून स्टोअरमध्ये खोकी उचलली. त्याचं वाईट वाटलं नाही. औषध बंद करा असं मी आजही कुणाला सांगत नाही. मावशींनाही दसऱ्याला योग्य गोळ्या सुरू करून दिल्या. तो दिवा वाऱ्यानं हलला की आणखी कशानं, याचा शोध मी घेत नाही. माझ्या हातून सुटलेलं कुणीतरी धरलं, एवढं मला पुरतं.

खिडकीवर परत बसलो त्या पहिल्या दिवशी मावशी आल्या. रुमालात घटातलं वाळलेलं धान आणलं होतं, ते माझ्या हातावर ठेवलं. मी सवयीनं तोंड उघडलं, तशा म्हणाल्या, "आदी गोळ्या भरा, साहेब. मग रागवा." ते धान माझ्या खणात आहे, कोऱ्या पाकिटांशेजारी. आता पाकीट भरताना मी कुणाशी बोलत नाही, नुसते ओठ हलतात. लोकांना वाटतं, मी गोळ्या मोजतोय. मोजतोच, पण आधी आईचं नाव घेतो.