गाळावर निजलेली दारू

माझ्या निरोपाला रत्नागिरीचा अख्खा मिरकरवाडा लोटला होता, असं मी मुंबईत सांगितलं. एडन येईपर्यंत त्यात ढोलताशे आले आणि फ्रान्सात उतरलो तेव्हा खुद्द कलेक्टर धक्क्यावर रुमाल हलवत होता. तुम्ही तिथलेच, तेव्हा तुम्हांला खरं सांगतो: आबा होता आणि एक कुत्रं. कुत्रं आलं होतं ते एका बाईच्या पाटीतल्या सुरमईसाठी.

बोट लांब समुद्रात उभी होती. तिथवर पडावातून जायचं. माझा बाप, आबा, पहाटेची माडी उतरवून तसाच आला होता, कमरेला कोयता, हातात माडीचा भोपळा. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने आधी थोडी माडी पूर्वजांच्या नावाने सांडली, मग मला घोटभर पाजली. म्हणाला, "माडी दुपारपर्यंत गोड, बाबू. मग आंबते. मानसाचं पन तसंच. येळंत ये."

वेळेत काही गेलो नाही.

बोटीच्या भट्टीत कोळसा ओढताना मी एवढा घाम गाळला की तांबड्या समुद्राला भरती आली. पुढे फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका मोठ्या नदीच्या मुखाशी तापाने आडवा झालो. मला दवाखान्यात ठेवून बोट निघून गेली. बरा झालो तेव्हा द्राक्षांची तोडणी चालू होती आणि एका म्हाताऱ्या मादामला माणूस हवा होता. तिचा एकुलता मुलगा महायुद्धात गेला होता. माझ्या बापाचाही धंदा दारूचाच, हे सांगायला मी झाडावर चढायची खूण केली. ती हसली. वेल माझ्या कमरेएवढी. आम्ही भंडारी दारूसाठी आभाळात चढणारे, आणि इथे दिवसभर वाकायचं. पाठीची अशी कमान झाली की समोरून मुंगी गेली तरी तिला मुजरा घडे.

त्या पांढऱ्या दारूचं नाव मुस्कादे. द्राक्षं तोडल्याबरोबर पिळायची, रस पिंपात आंबवायचा. इतर दारवा आंबून झाल्या की तळचा गाळ सोडून दुसऱ्या पिंपात ओततात. मादाम ओतू देत नसे. हिवाळाभर दारू आपल्याच गाळावर निजलेली. वसंतात तशीच अलगद बाटलीत काढायची. रंग म्हणाल तर पाण्याला हळद नुसती दाखवून परत नेल्यासारखा. जिभेवर बारीक चुरचुर, लिंबाच्या सालीचा वास आणि शेवटी खारटपणा, खडपावरची कालवं फोडून खाल्ल्यावर ओठांवर राहतो तसा. तिथेही ती कालवांबरोबरच पितात. पहिल्यांदा प्यालो तेव्हा मी रडलो नाही. डोळ्यांत नदीचं धुकं गेलं होतं.

मादाम सांगे, ही वेलही मूळची तिथली नव्हे. फार पूर्वी कडाक्याच्या थंडीत जुने मळे मेले, तेव्हा दूरच्या आतल्या मुलखातली ही जात सगळीकडे लावली. आता तिला माहेर विचारलं तर समुद्राचं नाव सांगेल.

पहिल्या वसंतात तिने मला पेला दिला आणि मी सवयीने थोडी दारू दारातल्या वेलीच्या मुळाशी ओतली. तिचे डोळे रागाने लाल झाले. मी घाईघाईने वर बोट दाखवलं: म्हातारे, गेलेले. मग तिने आपला पेला सगळाच्या सगळा ओतला.

हिवाळा मात्र वाईट. फ्रेंचमध्ये मी खरंच बोलतो; खोटं बोलण्याइतकी ती भाषा येत नाही. मराठीत थाप मारावी असा माणूस आसपास नाही, याहून मोठं एकटेपण मला ठाऊक नाही. पिंपांना थापा सांगून पाहिल्या. पिंपं विश्वास ठेवतात, त्यात मजा नाही. दर वर्षी गावी जायचं ठरवायचो आणि दर वर्षी भीती वाटे, दुपार केव्हाच टळली.

शेवटी गेलो, घोंगडीत दोन बाटल्या गुंडाळून. आबाचे गुडघे गेले होते, माड दुसरे उतरवत होते. खळ्यात बसून त्याने थोडी दारू माडाच्या मुळाशी ओतली आणि घोट घेतला. ही कधीची, म्हणून विचारलं. गेल्या भातकापणीच्या सुमाराची, आपल्या गाळावरच ठेवलेली, असं मी सांगितलं. संध्याकाळपर्यंत टिकलेली माडी ज्याने जन्मात पाहिली नव्हती, तो माणूस दुसरा घोट तोंडात घोळवत राहिला. सात समुद्रांच्या वादळांत मी भ्यालो नव्हतो इतका तेव्हा भ्यालो.

"आंबली नाय," आबा म्हणाला. तो पेल्याकडे बघत नव्हता.

मी पुन्हा निघालो तेव्हा काठी टेकत पाण्यापर्यंत आला. हातात भोपळा नव्हता. वेळेत ये, असं या वेळी म्हणाला नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात तो गेला.

घर कुठलं, असं कोणी विचारलं तर मी रत्नागिरी सांगतो, आणि त्यात थाप नाही. दर वसंतात पहिली बाटली फोडली की मादाम आपल्या मुलासाठी ओतते आणि मी आबासाठी. ओतताना त्याला मराठीत सांगतो, लवकरच येतो, दुपारच्या आत.

एवढीच थाप आता उरली आहे.