शिडीबाईंची लाल पट्टी

आमच्या नाट्यगृहात त्यांना सगळे शिडीबाई म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि त्यांनाही त्याचं काही वाटायचं नाही. पंचवीस वर्षं त्या दिव्यांच्या खात्यात होत्या, आणि त्यातली निम्मी तरी शिडीच्या वरच्या तीन पायऱ्यांवर गेली असतील. कमरेला दोरीने बांधलेला पाना, हातात जाड मोजे, आणि खाली कोण उभं आहे याकडे सतत एक डोळा.

मी तिथेच ध्वनियंत्रणा सांभाळायचो. त्या मला नेहमी म्हणायच्या, "तुमचं बरं आहे हो. तुमचा आवाज सुटला तर कुणाच्या डोक्यात पडत नाही." हा विनोद त्यांनी हजारदा केला असेल. मग एका सकाळनंतर तो कायमचा बंद झाला.

त्यांचे यजमान आमच्याकडेच सुतार होते. नेपथ्याचं सगळं काम त्यांच्याकडे. त्या सकाळी ते रंगमंचावर वाकून लाकडी जिन्याची शेवटची पायरी ठोकत होते. वरच्या दांड्यावर दिवे टांगायचं काम चालू होतं. एक दिवा निसटला आणि सरळ त्यांच्या डाव्या खांद्यावर आला. चार बोटं अलीकडे पडला असता तर डोकंच होतं. दिव्याला एक जादा साखळी असते, तो सुटला तरी लटकून राहावा म्हणून. त्या दिव्याची साखळी तुटली होती आणि नवी मागवलेली अजून आली नव्हती. आणि तो दिवा टांगला होता शिडीबाईंनी.

चौकशी झाली. क्लॅम्प, म्हणजे दिव्याला दांड्यावर धरून ठेवणारा लोखंडी पंजा, जुना होता, त्याच्या बोल्टचे आटे झिजले होते असं निघालं. कुणालाच दोष दिला गेला नाही. शिडीबाईंनी चौकशीत एकच वाक्य सांगितलं, "मी आवळला होता." यजमानांचा डावा हात त्यानंतर खांद्याच्या वर गेला नाही. त्यांना तिकीट खिडकीवर बसवलं. ते तिथेही रमले, पण हातोडीचा आवाज आला की मान वर व्हायची. घरात मात्र त्या दिवसाबद्दल दोघं कधी बोलले नाहीत, हे मला खूप नंतर कळलं.

तेव्हापासून शिडीबाईंनी एक नेम धरला. कुठल्याही प्रयोगाआधी शिडी लावायची आणि बासष्टच्या बासष्ट क्लॅम्प स्वतः हाताने हलवून बघायचे. दुसऱ्याने बघितलेलं चालायचं नाही. सहा वर्षं हे चाललं. मग गुडघे कुरकुरायला लागले. एक दिवस त्या शिडीच्या मधल्याच पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "खालून नुसतं वर बघून कळलं पाहिजे हो, कुठला सैल आहे ते."

त्यांच्या धाकट्या दिराचा लेथ मशीनचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तीन मशीन आणि भरपूर लोखंडाचा कीस. हा दीर भारी उत्साही माणूस. शिडीबाईंनी कल्पना सांगितली तेव्हा तो म्हणाला, "एवढंच ना वहिनी? आठवड्यात करून देतो." त्या आठवड्याला तीन वर्षं लागली. पण झालं. क्लॅम्पच्या खालच्या अंगाला एक लाल पट्टी. बोल्ट पूर्ण आवळला की एक नळी सरकून ती पट्टी झाकायची. खाली उभं राहून मान वर करायची. लाल दिसलं की तो सैल. बस.

नाटकाची, गाण्याच्या कार्यक्रमांची, मनोरंजनाची म्हणून जेवढी काही यंत्रं असतात त्यांचं एक मोठं प्रदर्शन दरवर्षी भरतं. दिराने कुणाला न विचारता तिथे स्टॉलचा अर्ज भरून टाकला.

"भाऊजी, आपण तिथे जाऊन काय करायचं? नाचायचं?" शिडीबाई वैतागल्या.

"तुम्ही नुसत्या उभ्या राहा वहिनी. बोलायचं काम माझं."

यजमानही रजा टाकून निघाले. ही दोघं जेवायला गेली तर स्टॉलवर कुणीतरी हवं ना, म्हणून. मला आवाजाची नवी मिक्सर यंत्रं बघायची होती, पासही फुकट मिळत होता, मग मीही त्यांच्याबरोबर गेलो.

तो हॉल म्हणजे विमानं ठेवायची जागा असावी एवढा मोठा. आमचा स्टॉल अगदी कोपऱ्यात, स्वच्छतागृहाच्या वाटेवर. आयोजकांनी दिलेलं एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक कचऱ्याचा डबा. समोर एका मोठ्या कंपनीची भिंतीएवढी स्क्रीन, त्यावर दिवसभर धबधबे कोसळत. शेजारी धुराची यंत्रं विकणारे. दर तासाला ते यंत्र चालवून दाखवायचे आणि आम्ही सगळे धुरात गडप. धूर विरला की दीर तिथेच उभा, तोच हसरा चेहरा घेऊन, जणू ढगातून उतरलाय. त्यात पाटी रंगवणाऱ्याने 'क्लॅम्प'मधला ल खाल्ला होता. पाटीवर 'सुरक्षित कॅम्प' झालं होतं. पहिल्या दिवशी जे पाच जण थांबले त्यातल्या दोघांनी तंबूची चौकशी केली.

"तंबू पण दाखव त्यांना," यजमान गंभीरपणे म्हणाले. "तुझ्या भाऊजींचा शर्ट आहे की तेवढा." शिडीबाई त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नशीब उघडलं. कार्यक्रमांना दिवे भाड्याने देणारा एक मोठा व्यापारी स्वच्छतागृहाकडे जाता जाता थबकला. क्लॅम्प हातात घेतला, चार वेळा आवळला, चार वेळा सोडला. "दोनशे लागतील मला," तो म्हणाला, नाव-पत्ता लिहून देऊन निघूनही गेला. दिराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो शेजारच्या धूरवाल्यांना जाऊन सांगून आला, समोरच्या धबधबेवाल्यांना सांगून आला, बहुतेक स्वच्छतागृहातही कुणाला तरी सांगून आला.

दुपारी एक म्हातारा आला. खांद्यावर जुनी पिशवी, बोटं झाडाच्या मुळ्यांसारखी. मोठमोठ्या मांडवांच्या आणि सभागृहांच्या छतावरून वजनदार सामान टांगण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याने काही न विचारता क्लॅम्प उचलला, पिशवीतून पाइपाचा एक हातभर तुकडा काढला, त्यावर क्लॅम्प चढवून आवळला. लाल पट्टी झाकली गेली.

"आता हा घट्ट?" त्याने विचारलं.

"एकदम," दीर म्हणाला.

म्हाताऱ्याने पाइप आडवा धरून नुसता एक झटका दिला. क्लॅम्प घसरून टेबलावर आदळला.

म्हाताऱ्याने पाइप शिडीबाईंच्या हातात दिला. "तुमच्या दांड्यापेक्षा हा थोडा बारीक आहे. बाहेर असे पुष्कळ सापडतात. तुमची पट्टी बोल्ट किती फिरला ते सांगते बाई. पंज्याने पकडलंय का, ते नाही सांगत." त्याच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. म्हणून तर ते जास्त लागलं.

शिडीबाईंनी स्वतः तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच. मग त्यांनी टेबलावरचे सगळे क्लॅम्प गोळा करून खोक्यात टाकले.

"वहिनी, अहो काय करताय?" दीर खालच्या आवाजात म्हणाला. "आपल्याकडच्या दांड्यांवर चालतोय ना? दोनशेची ऑर्डर आहे हातात. बारीक पाइपवर वापरू नका असं लिहू एका कोपऱ्यात."

"वर चढलेला माणूस कोपरे वाचत नाही भाऊजी."

"पण तो पुढे सुधारता येईल की."

"पुढे म्हणजे कधी? कुणाच्या तरी खांद्यावर पडल्यावर?"

दिराने भावाकडे बघितलं आणि मान खाली घातली. यजमान खुर्चीत बसून होते, त्यांनी काहीच न ऐकल्यासारखं केलं.

शिडीबाई तो क्लॅम्प आणि म्हाताऱ्याचा पाइप घेऊन त्या व्यापाऱ्याला शोधायला निघाल्या. मी बरोबर गेलो. तो खाण्याच्या जागेत सापडला. त्यांनी त्याच्या ताटाशेजारी पाइप ठेवला, क्लॅम्प आवळला, झटका दिला, पडलेला क्लॅम्प उचलला आणि म्हणाल्या, "हा तुम्हाला देता येणार नाही. आत्ताच कळलं."

व्यापाऱ्याने घास खाली ठेवला. "बाई, अर्ध्या तासाने सांगितलं असतं तरी चाललं असतं. जेवण तरी गळ्याखाली उतरलं असतं." मग पाइप उचलून त्याने स्वतः करून बघितलं. "नीट झाला की दाखवा. तोवर ऑर्डर नाही." आणि परत जेवायला लागला. रागावला नव्हता, पण गोडही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिडीबाईंनी एका पांढऱ्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलं, 'या क्लॅम्पमध्ये दोष सापडला आहे. विक्री बंद. दोष बघायचा असल्यास दाखवू.' आणि तो कागद 'कॅम्प'च्या पाटीखाली चिकटवला. दीर कपाळाला हात लावून धूरवाल्यांकडे जाऊन बसला.

आणि मग माणसं यायला लागली. भारी कोटवाली नाहीत. वर चढणारी, टांगणारी, वायरी ओढणारी माणसं. समोरच्या स्टॉलचे फिटर आले, कुठल्या कुठल्या नाट्यगृहांचे दिवेवाले आले. आपली चूक स्वतः दाखवणारा स्टॉल सगळ्या हॉलमध्ये एकच होता. प्रत्येकजण झटका देऊन बघायचा आणि मग काहीतरी सुचवायचा. कुणी स्प्रिंग म्हणे, कुणी दुहेरी बोल्ट म्हणे. कागदावर कागद भरत गेले. हे बघून दीरही हळूच परत आला आणि चित्रं काढायला बसला.

गर्दीत एका दिवेवाल्या बाईने सहज विचारलं, "पण तुम्हाला हे सुचलं कशावरून?"

आदल्या दोन दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला की शिडीबाईंचं उत्तर ठरलेलं असायचं, 'कामात गरज वाटली.' आज त्यांनी पाइप खाली ठेवला.

"मी टांगलेला दिवा पडला. ह्यांच्या खांद्यावर." त्यांनी मागे बसलेल्या यजमानांकडे हात केला. "चौकशीत मी सांगितलं, आवळला होता म्हणून. खरं म्हणजे मला आठवत नाही. तेव्हाही आठवत नव्हतं, आजही नाही. नऊ वर्षं झाली."

यजमान खुर्चीतून उठले. टेबलापाशी आले आणि त्या बाईलाच सांगायला लागले, बायकोकडे न बघता. "हिने वरून मला दोनदा हाक मारली होती. बाजूला व्हा, काम चालू आहे, म्हणून. मला ऐकू आलं होतं. मी म्हटलं, एक खिळा राहिलाय, तेवढा ठोकून उठतो. चौकशीत हे मी बोललो नाही."

"मी हाक मारली होती?" शिडीबाईंनी विचारलं.

"दोनदा."

"मला आठवत नाही हो."

"मला वाटलं, तुला आठवतंय आणि तू माझी लाज राखतेयस. म्हणून मी विषय काढला नाही."

दोघं स्टॉलच्या मागे गेले, रिकाम्या खोक्यांवर शेजारी शेजारी बसले. किती वेळ बसले होते कोण जाणे. मधे एकदा धूर सुटला आणि कुणीच दिसेनासं झालं. विरल्यावर पाहिलं तर त्यांनी यजमानांचा डावा हात आपल्या दोन्ही हातात धरला होता, आणि यजमान काहीतरी सांगत होते, बहुधा त्या जिन्याबद्दल, कारण उजव्या हाताने ते हवेत पायऱ्या काढत होते. पुढची गर्दी मी आणि दिराने सांभाळली. मला क्लॅम्पमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण झटका मात्र झकास द्यायला लागलो होतो.

नवा क्लॅम्प व्हायला चौदा महिने लागले. आता पट्टी बोल्टशी जोडलेली नव्हती. पंज्याच्या आत एक छोटी जीभ बसवली. ती पाइपवर खरोखर दाबली गेली तरच लाल झाकलं जायचं. दिराने पहिला नमुना त्या म्हाताऱ्याला पाठवला. तो परत आला, बरोबर चिठ्ठी, 'रंग साचला की जीभ अडकते.' दुसरा परत आला, 'गंजला की फसतो.' तिसरा परत आला, चिठ्ठी नव्हती, नुसता वाकलेला क्लॅम्प होता. त्यातून काय ते समजा. चौथा परत आलाच नाही. पंधरा दिवसांनी शिडीबाईंनी घाबरत फोन केला.

"परत कशाला पाठवू?" म्हातारा म्हणाला. "वर लावलाय. कामात आहे."

व्यापाऱ्याने दोनशे नाही, तीस घेतले. वर्षभर वापरले आणि मग बाकीचे मागवले. आमच्या नाट्यगृहातले बासष्टही बदलले गेले. शिडीबाई आता प्रयोगाआधी रंगमंचाच्या मधोमध उभ्या राहून मान वर करून एक फेरी मारायच्या. निवृत्त होईपर्यंत आठवड्यातून एकदा तरी शिडी लावून वर जायच्याच, कुणी काहीही म्हणो.

निवृत्तीनंतर त्या पुन्हा त्या प्रदर्शनाला गेल्या. स्टॉल दिराने घेतला होता, आणि यावेळी पाटी स्वतः तपासून. त्याने या दोघांना हाकललं, "तुम्ही हिंडून या. मागच्या वेळी काही बघितलंच नाहीत."

एका मोठ्या कंपनीने काळोखं दालन उभारलं होतं, आत बसून दिव्यांचा खेळ बघायचा. मी त्यांच्या मागच्याच रांगेत होतो. छतातून किरण उतरत होते, फिरत होते, रंग बदलत होते, मधेच सगळं निळं होऊन थांबत होतं. यजमान मान मागे टाकून बघत होते. शिडीबाई सरळ समोर.

"एवढी वर्षं प्रकाश केला," त्या यजमानांना हळूच म्हणाल्या, "पण असं समोर बसून कधी बघितलाच नाही. नेहमी आपलं वर नाहीतर बाजूला."

"कसा वाटतोय मग?"

समोरचं सगळं पुन्हा निळं होऊन थांबेपर्यंत त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "छान आहे हो. थांबा, बोलू नका. बघू दे."