फ्लॅशचे वैरी

अख्ख्या खानदेशात फ्लॅशशी उभं वैर धरलेला एकच माणूस होता, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत ते नकाशे काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी फोटो. तेही घरातल्या घरात, आहे त्या उजेडात. ‘फ्लॅशमध्ये माणूस चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो,’ असं त्यांचं मत. जळगावला आमच्याकडे बारशाला आले तेव्हा उजेडासाठी त्यांनी पाळणा तीनदा हलवला. शेवटी तो मोरीच्या खिडकीशी जाऊन पोचला आणि बायकांनी तिथंच दाटीवाटीनं उभं राहून बाळाचं नाव ठेवलं.

त्यांच्याकडे हातभर लांब झूम लेन्स होती. नातेवाइकांत तिचा मोठा दरारा. ती देऊन वाटीएवढी पन्नास एमएमची घ्यायला ते निघाले, तेव्हा मी बरोबर होतो. त्यांनी दुकानातले दिवे घालवायला लावले, शटर अर्धं ओढायला लावलं आणि कोपऱ्यातल्या कॅलेंडरवरच्या तिथी लेन्समधून वाचत बसले. ‘साहेब, गिऱ्हाईक परत चाललंय,’ दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला. साडू मला समजावत होते, ‘लांब नळीतून येता येता उजेड दमतो हो. हिचं तोंड बघा केवढं मोठं.’ घरी मेव्हणीनं लेन्स हातात घेतली, ‘मोठी देऊन छोटी आणली,’ एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला वळली.

या खटाटोपाचं कारण मला सोनगीरला कळलं. तिथं त्यांची मोठी बहीण राहायची, अक्का. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला चमक सोसायची नाही. फ्लॅश दिसला की पदर तोंडावर. घरच्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत अक्काच्या जागी नुसता पदर होता. साडूंनी तिला मधल्या खोलीत दाराच्या उजेडाकडे तोंड करून बसवलं. कमी उजेडात चालणारा जास्त स्पीडचा रोल भरला, कॅमेरा स्टँडवर चढवला आणि बजावलं, ‘अक्का, श्वास धर. हलू नको.’ पहिला फोटो निघाला. साडू कॅमेऱ्यावरचे आकडे वहीत टिपण्यात गुंग झाले. बऱ्याच वेळानं अक्कानं बारीक आवाजात विचारलं, ‘आते सोडू का?’

रोलमधल्या छत्तीस फोटोंतला एकच धड आला. दाणेदार, काळपट, पण चेहरा सुरेख उतरला होता. पुढच्या रविवारी तो घेऊन आम्ही पुन्हा सोनगीरला गेलो. अक्कानं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

‘भाऊ, हाई ते मनी माय शे,’ ती म्हणाली.

दोघा भावंडांची आई साडू पाळण्यात असतानाच गेली होती. तिचा फोटो कुणी कधी काढलेला नव्हता. लेन्सवर तासन्‌तास बोलणारे साडू पुढे सरकले. त्यांनी फोटो हातात घेतला आणि बघत राहिले.

‘अशी होती?’ त्यांनी विचारलं.

‘अशीच व्हती,’ अक्का म्हणाली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.