कापसाच्या घरातली चूल

लग्न होऊन मी यवतमाळहून बोरी अरबजवळच्या खेड्यात आले, त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आज ना उद्या चढेल म्हणून गावात सगळ्यांनीच कापूस घरात भरून ठेवला होता. आमच्या मधल्या खोलीत तो आढ्याला टेकला होता. तिथून स्वयंपाकघरात जायला नुसती चौकट होती, दार नव्हतं. वर्षभराचं पीक आणि पेटती चूल यांच्यात जेमतेम दहा पावलं.

माझे वडील कचेरीत नोकरीला, माहेरी गॅस. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, कापसाच्या खोलीतून आल्यावर लुगडं बदलल्याशिवाय चुलीपुढे बसायचं नाही. त्यांचं स्वतःचं चुलीपुरतं एक जुनं लुगडं खुंटीला वेगळं टांगलेलं असे. मी म्हटलं, हे तर सोवळं. मी विज्ञान शिकलेली मुलगी, मला सोवळ्याओवळ्याची भयंकर चीड. का म्हणून विचारलं, तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"यात काय सांगा लागते?" म्हणाल्या.

माहेरी गेले तेव्हा आईपुढे तक्रार केली. आई म्हणाली, "घरोघरी मातीच्या चुली, बाई." मी म्हटलं, "तुझ्याकडे तर गॅस आहे." ती हसली, पण बाजू काही माझी घेतली नाही.

चूलही मला दाद देत नव्हती. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, मी चुलीत तोंडापर्यंत कोंबायची. घरभर धूर व्हायचा आणि सासूबाईंना खोकल्याची उबळ यायची. मग त्या उठून निम्मी काटकी बाहेर ओढायच्या. "चुलीचं तोंड दाटू नको, पोरी. तिले श्वास घेऊ दे." बारीक फोडलेली तीन लाकडं, मध्ये बोटभर फट. ओलं लाकूड चुलीमागे वाळायला ठेवायचं, आत नाही. भात होत आला की लाकूड ओढून त्यावर पाणी शिंपडायचं आणि उरलेल्या निखाऱ्यावर भाकरी शेकायची. माझ्या निम्म्या सरपणात त्यांचा सगळा स्वयंपाक व्हायचा. ज्वलनाला हवा लागते हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, तरी माझीच चूल विझायची. याचा मला फार राग यायचा.

एका सकाळी आम्ही दोघी कापसाचा ढीग वरखाली करत होतो, दमट पडू नये म्हणून. तेवढ्यात पाहुणे आले. मी चहा ठेवायला तशीच चुलीपुढे जाऊन बसले. मागून "लुगडं" असं ऐकू आलं. मी मुद्दाम ऐकलं न ऐकलंसं केलं आणि फुंकणी उचलली.

एक ठिणगी उडाली. पदरभर कापसाचे तंतू चिकटलेले होते, त्यांच्यावरून जाळ सरसर वर आला. मी उठले आणि पळाले, तेही नेमकी कापसाच्या खोलीकडे. चौकटीत सासूबाई आडव्या उभ्या होत्या. त्यांनी मला मागे ढकललं, चुलीजवळचं ओलं पोतं ओढलं आणि माझ्याभोवती गच्च गुंडाळलं. ते पोतं मी इतके दिवस पायपुसणं समजत होते.

कोपर तेवढं भाजलं. कापसाला धक्का लागला नाही. मी हुंदके देत म्हटलं, "आई, कापूस वाचला तुमचा." त्यात कडवटपणा होता, तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

त्या माझ्या कोपरावर पाणी ओतत होत्या. "कापूस जयला असता तं पुढच्या साली पेरला असता," त्या म्हणाल्या. "तू आत गेली असती तं तुले काढता आलं नसतं. तुह्या मायले काय सांगतलं असतं म्या?"

मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. सोवळं कुठलं नि काय कुठलं. कापूस पिकवणाऱ्या घरात ही गोष्ट कुणी कुणाला समजावत नाही, ती जन्मापासून माहीत असते, आणि मी तिथे जन्मले नव्हते.

आठवडाभराने मीच म्हटलं, चूल मागच्या पडवीत नेऊ, तिला धुराडं लावू. "धूर बाहीर गेला तं भाकरी गोड लागन काय?" अशी शंका काढून त्या कबूल झाल्या. माती, भुसा आणि शेण आम्ही दोघींनी तुडवलं. चुलीचं तोंड केवढं ठेवायचं ते त्यांनी सांगितलं, धुराड्याला छपरात भोक कुठे पाडायचं ते मी. धुराड्याचा पत्रा बोरीच्या बाजारातून आला. चूल चांगली वाळू दिली.

पेटवायच्या दिवशी मी आपण होऊन साडी बदलून आले. तरी सासूबाईंनी माझ्या खांद्यावरून, पाठीवरून हात फिरवून एकेक तंतू वेचला. मग आतून चिमूटभर कापूस आणला, वात वळली, तेलात बुडवली आणि काडेपेटी माझ्या हातात दिली.

"पेटव," त्या म्हणाल्या. "तुही चूल हाय."

धूर सरळ धुराड्यातून वर गेला. त्या शेजारी बसून होत्या, भाकरी होईपर्यंत एकदाही खोकल्या नाहीत.