मग चढ

तात्या गेल्याचं कार्ड मला आठ दिवसांनी मिळालं. जन्मभर ज्या माणसानं तारा ओढल्या, त्याच्या मरणाची तार करायचं घरात कुणाला सुचलं नाही. कार्ड हातात घेतलं तेव्हा छातीत धस्स झालं ते दुःखानं नव्हे, भीतीनं. हे लिहितानाही ती गेलेली नाही.

दगडूतात्या जामखेडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, तारखात्यात मुकादम. महायुद्ध सुरू झालं आणि नगरबाहेरच्या माळावर बिनतारी संदेशांचा लोखंडी मनोरा उभा राहिला. त्यावर चढणारी माणसं तयार करायचं काम तात्यांकडे आलं. मी शाळामास्तरांचा मुलगा, कारकुनी सोडून चार पैसे जास्त म्हणून तिथे गेलो. मनोऱ्याचं टोक बघायला मान मागे टाकली आणि माझी पाचावर धारण बसली. तात्यांनी पहिले आठ दिवस मला गुडघाभर उंचीवरच ठेवलं. कातडी कमरपट्टा कडीनं मनोऱ्याला अडकवायचा, हात सोडायचे आणि मागे रेलायचं. तेवढ्या उंचीवरही माझे हात लोखंड सोडायचे नाहीत आणि तात्या खाली बसून निवांत तंबाखू मळायचे.

चढण्याआधी रोज ते एकच विचारायचे, "भ्या वाटतंय का?" वर चढायच्या पहिल्या दिवशी मी ऐटीत 'नाही' म्हणालो. त्यांनी माझा पट्टा सोडून घेतला आणि दिवसभर दोर गुंडाळायला बसवलं. संध्याकाळी म्हणाले, "भ्यालेला मानूस कडी दोनदा बघतो, वसंता. ज्याला भ्या न्हाई, त्याला मी वर सोडत न्हाई." नियम त्यांनाही होता. ते चढायचे तेव्हा आमच्यापैकी एकानं विचारायचं आणि ते "व्हय" म्हणायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारा आमचं मन राखतोय.

मग तात्यांची बायको, आमच्या काकू, गेल्या... तीन दिवसांच्या तापानं. तेरावं झालं आणि दुसऱ्या सकाळी तात्या हजर. वादळानं वरची, संदेश पकडणारी तार तुटली होती आणि साहेब घड्याळ बघत उभे होते. त्यांचा पट्टा माझ्या हातात होता. मी सवयीनं विचारलं. तात्या वर बघत सहज म्हणाले, "न्हाई. आता कशाचं?"

त्यांनी पट्ट्यासाठी हात पुढे केला आणि मी पट्टा पाठीमागे धरला. "दे," ते म्हणाले. "नाही देणार, तात्या." साहेब ओरडले. तात्या माझ्याकडे असे बघत राहिले की आता थोबाडीत बसणार असं मला वाटलं. पण ते मनोऱ्याच्या चौथऱ्यावर खाली बसले. शेवटी मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुला वाटतंय का?"

"लई," मी म्हणालो.

"मग चढ."

जीव मुठीत धरून मी चढलो. वाऱ्यानं मनोरा हलत होता, घामानं हात निसटत होते आणि खालून त्यांचा आवाज येत होता, "कडी बघ, वसंता... परत बघ." महिनाभर ते चढले नाहीत. मग एका सकाळी मी विचारल्यावर थोडं थांबून "व्हय" म्हणाले आणि मला रडू आलं.

तात्यांची नोकरी संपल्यावर खात्यानं बाद केलेला तो पट्टा त्यांनी माझ्या हवाली केला. गेल्या महिन्यात भेटायला जामखेडला गेलो तर अंथरुणावर नुसता सांगाडा उरलेला. श्वास अडकत होता. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. काय बोलावं सुचेना, म्हणून मी तोच प्रश्न विचारला, "तात्या, भ्या वाटतंय का?"

"व्हय," ते म्हणाले. "लई."

आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पुढचे दोन शब्द त्यांना हवे होते, ते मला कळत होतं. पण ते म्हटले तर तात्या खरंच जातील, या भीतीनं माझी जीभ उचलली नाही. मी पांघरूण सारखं केलं आणि उद्या येतो असं खोटंच सांगून निघालो.

पट्टा माझ्या खोलीत खुंटीवर आहे. आता नव्या माणसांना मीच शिकवतो, मीच विचारतो. मला विचारणारं कुणी नाही. सकाळी निघताना मी त्या पट्ट्याची कडी दोनदा बघतो, आणि खोलीत कुणी नसताना हळूच म्हणतो, "मग चढा, तात्या."