म्हात्रेबाईंची नदी

म्हात्रेबाई व्हिडिओ गेम लावायच्या, पण खेळायच्या नाहीत. टीव्हीवर लाल शाल पांघरलेली एक मुलगी नदीकाठी उभी असायची आणि व्हायोलिनची एक संथ धून खोलीत फिरत राहायची. बाई समोर बसून लसूण सोलत असायच्या.

"बाई, पुढे न्या की तिला," मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणालो.

"कशाला? पूल ओलांडला की लढाई हाय. धून बदलते. तू बस गप."

शाळेत जन्मभर शुद्ध मराठी शिकवलेल्या बाई घरी मात्र हाय-न्हाय बोलत. नागावात आमची घरं शेजारी. मधे नारळाची वाडी. मी एकटाच राहतो. अलिबागच्या वाचनालयातून परतलो की चहाला त्यांच्याकडे जायचो. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक नीलेश मालवाहू जहाजावर. गेमचा तो डबा त्याचा. सुट्टीवर आला की तो खेळायचा आणि बाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. तो गेला की घर मुकं व्हायचं. शेवटी एकदा त्यांनी फोनवर त्याच्याकडून डबा लावायचा कसा ते शिकून घेतलं. नदीपर्यंत पोचायलाच त्यांना एक पावसाळा लागला. त्यानंतर ती मुलगी तिथून हलली नाही.

"आपण हललो की जाते, बसून राहिलं की राहते," असं बाई त्या धुनेबद्दल म्हणत. एकच गोष्ट त्यांना खुपायची. "हिला शेवट न्हाय रे. नुसती गोल फिरते. भजनात कसे शेवटी सगळे एका ठिकाणी येऊन थांबतात! हिचं काय होत असेल?"

मग नीलेशने कळवलं, की मुंबईत मोठा वाद्यवृंद गेममधलं संगीत वाजवणार आहे आणि त्यात ही धूनही आहे. त्याने दोन तिकिटं काढली, आईसाठी आणि स्वतःसाठी. पण जहाजावर त्याच्या जागी येणारा माणूस बंदरावर आलाच नाही आणि जहाज नीलेशला घेऊनच पुढे निघालं. त्याच्या तिकिटावर मी गेलो.

मांडव्याहून आम्ही रो-रो बोटीने निघालो. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. पिशवीत शाल आणि खोबऱ्याच्या वड्या. सभागृहात सगळी तरुण मंडळी. शेजारच्या मुलीने वडी घेत विचारलं, "आजी, तुम्ही कुठपर्यंत पोचलात?"

"नदीपर्यंत."

"एवढंच? पुढे तर डोंगर आहे, राजवाडा आहे!"

"असू दे. तू जाऊन ये."

धून सुरू झाली. इतकी वाद्यं, आणि तरी ती तशीच एकटी वाटत होती. एका जागी व्हायोलिनं अलगद खाली उतरली आणि बाईंनी भजनातल्यासारखी मोठ्याने दाद दिली, "वा!" त्या शांततेत पुढच्या चार रांगा वळल्या. बाईंचं लक्षच नव्हतं. मग ती धून फिरून पहिल्या जागी आली नाही. ती थांबली. टाळ्या सुरू झाल्या तरी बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

परतताना बोटीच्या कठड्याशी त्या म्हणाल्या, "नीलेशला शेवट सांगायचा न्हाय हां. आला की त्याला घेऊन परत जाईन. त्याने स्वतः ऐकायला हवा."

तो यायच्या आधीच बाई गेल्या. दुपारी पडल्या त्या उठल्याच नाहीत. टीव्हीवर नदी चालू होती. शेजारणी जमल्या, रडल्या; कुणाला ती बंद करायचं सुचलं नाही.

नीलेश पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. सगळे गेल्यावर त्याने डबा लावला. मुलगी तिथेच उभी होती.

"दादा, कार्यक्रमात शेवट कसा केला होता हिचा?"

"बाईंनी सांगू नको म्हणून बजावलंय."

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसताच त्याने तोंड ओंजळीत लपवलं.

जहाजावर परतताना त्याने किल्ली मला दिली. खाऱ्या हवेत यंत्रं गंजतात, अधूनमधून लावत जा म्हणाला. मी रोजच लावतो. चहा घरून करून नेतो आणि बाईंच्या खुर्चीच्या शेजारी बसतो. शेवट मला ठाऊक आहे. धून मात्र फिरून पहिल्या जागी येते, आणि मी त्या मुलीला हलवत नाही.