चिकपेटात शिकलेलं हसू

माझे दाजी विठोजी चिकपेटच्या बाजारात एका साड्यांच्या दुकानात बेचाळीस वर्षं गिऱ्हाइकांना साड्या दाखवायला गादीवर बसले. सोळाव्या वर्षी लागले तेव्हा अंगात चांगली रग होती, असं ताईची सासू सांगायची. मालकानं पहिल्याच दिवशी बजावलं, गिऱ्हाइकाला तोंडानं 'नाही' म्हणायचं नाही. हवा तो रंग नसला, भाव पटत नसला, तरी हसायचं आणि पुढची साडी उलगडायची. दाजी शिकले. इतके शिकले की घरीही तसेच झाले. ताई भांडली की हसायचे. घरमालकानं पाणी तोडलं तरी हसायचे. या माणसाला स्वतःला काय आवडतं ते मला तीस वर्षांत कळलं नाही. खरं सांगतो, मला त्यांचा रागच यायचा.

भव्या त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी दर शनिवारी शाळा सुटली की दुकानात त्यांच्या मांडीला टेकून बसायची. आता बेळ्ळंदूरला कंपनीत आहे, हाताखाली नऊ माणसं. जे. पी. नगरचे हंबीरराव मुलासाठी तिला पाहायला येणार होते. आदल्या दिवशी ती म्हणाली, "अण्णा, ते नोकरी सोडायला सांगतील. तुम्ही नाही म्हणा. मी जगूच शकणार नाही तशी. एवढं एकदाच."

"सरी पुट्टा," दाजींनी कानडीत होकार दिला.

चहा झाला आणि हंबीररावांनी तेच काढलं. "आमच्या सुना नोकरी करत नाहीत. चालेल ना?"

दाजींनी कप खाली ठेवला. ओठ हलले. मी मनात म्हणत होतो, म्हणा, एकदा तरी म्हणा. पण जित्याची खोड! दाजी हसले आणि ताटली पुढे सरकवली. "चिरोटे घ्या की. घरचे आहेत."

मामा म्हणून मी तरी कुठं तोंड उघडलं? मीही चिरोटाच मोडत बसलो.

हंबीररावांच्या बायकोनं भव्याकडे पाहिलं. "तुझं काय गं?"

आता ही बोलेल, असं मला वाटलं. भव्यानं एकदा बापाकडे बघितलं. मग मान जराशी कलती करून ती हसली, अगदी गादीवर बसल्यासारखी.

"आणखी एक घ्या ना," ती म्हणाली.

दाजी तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.